वायरलेसचा बाप मार्कोनी, जो आयुष्यभर वायरींशीच झगडला

वर्ध्याला समुद्र नाही. किनारा गाठायचा तर अख्खा महाराष्ट्र आडवा पार करावा लागतो. तरीही वर्ध्याच्या तारघराचा आणि एका इटालियन माणसाच्या बोटीचा संबंध लागतो.

झालं असं की १९३० च्या दशकाच्या मध्यावर गांधीजींनी वर्धा हे आपलं ठिकाण केलं, पुढे सेवाग्राम वसलं. देशभरातून आणि परदेशातून तारांचा ओघ वर्ध्याकडे वळला. त्या काळात वर्ध्याहून लंडनला तार करायची तर ती आधी मुंबईकडे जायची. तिथून पुढे दोन रस्ते होते. एक समुद्राच्या तळाशी टाकलेली केबल. दुसरा रस्ता हवेतला, आणि तो पुण्याजवळच्या खडकीतून सुटायचा. खडकीला प्रक्षेपण केंद्र होतं आणि तिकडून येणारे संदेश पकडायला दौंडला दुसरं केंद्र. २३ जुलै १९२७ रोजी व्हॉइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते ही सेवा सुरू झाली होती.

ही यंत्रणा ज्याच्या कंपनीने उभी केली त्याचं नाव गुलिएल्मो मार्कोनी. रेडिओचा जनक, वायरलेसचा बाप, अशी त्याची ओळख शाळेच्या पुस्तकात एका ओळीत उरकली जाते. पण या माणसाचं आयुष्य नीट बघितलं तर गंमत दिसते. संदेश विनातारेचा झाला खरा, पण तो पाठवणाऱ्या यंत्राला वीज कुठून द्यायची, आणि ती ऐन वेळी गेली तर काय, हा प्रश्न त्याला शेवटपर्यंत सुटला नाही. आणि जमिनीवर वीज गेली तर अंधार होतो, समुद्रात वीज गेली तर माणसं मरतात.

मार्कोनीचा जन्म २५ एप्रिल १८७४ चा, इटलीतल्या बोलोन्याचा. बाप खाऊनपिऊन सुखी जमीनदार. आई ॲनी आयरिश, व्हिस्कीसाठी प्रसिद्ध असलेल्या जेमसन घराण्यातली. पोरगं कॉलेजात काही रमलं नाही, पदवी कधी मिळालीच नाही. पण बोलोन्यातले प्राध्यापक ऑगुस्तो रिगी यांच्या प्रयोगशाळेत त्याची ये-जा होती. १८९४ च्या सुरुवातीला जर्मन शास्त्रज्ञ हर्ट्झ वारला. विजेच्या ठिणगीतून अदृश्य लहरी निघतात हे हर्ट्झने सिद्ध केलं होतं. त्याच्याबद्दल आलेलं लेखन वाचताना विशीतल्या मार्कोनीच्या डोक्यात आलं की या लहरींवरून तारायंत्राचे टिंब आणि रेघ पाठवता आले तर?

घराच्या माळ्यावर त्याने सामान मांडलं. एक बॅटरी, एक इंडक्शन कॉइल, ठिणगी पाडायला दोन गोळे, आणि समोर लहर आली की वीज वाहू देणारी धातूच्या भुकटीची नळी. यातली एकही वस्तू त्याने शोधलेली नव्हती. त्याची अक्कल दिसली ती जोडणीत. यंत्राचं एक टोक त्याने उंच टांगलं आणि दुसरं जमिनीत गाडलं. ज्याला आपण अँटेना आणि अर्थिंग म्हणतो, तेच. एवढ्याने संदेशाची पोच एकदम वाढली. १८९५ साली डोंगराच्या पलीकडे, सुमारे दोन किलोमीटरवर, मोठा भाऊ अल्फोन्सो यंत्र घेऊन उभा राहिला आणि संदेश मिळाल्याची खूण म्हणून त्याने बंदुकीचा बार काढला.

१८९६ च्या सुरुवातीला आई पोराला घेऊन लंडनला गेली. कस्टमवाल्यांनी पेटीतलं ते विचित्र यंत्र तपासता तपासता मोडून टाकलं. मार्कोनीने ते पुन्हा बांधलं, जूनमध्ये पेटंटचा अर्ज केला आणि ब्रिटिश पोस्ट खात्याचे मुख्य इंजिनियर विल्यम प्रीस यांना गाठलं. पुढच्याच वर्षी, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्याच्या नावावर कंपनी होती.

आता धंदा कुणाशी करायचा? जमिनीवर तारांचं जाळं आधीच पसरलेलं होतं. जिथे तार नेता येत नाही असं एकच मोठं गिऱ्हाईक उरत होतं, ते म्हणजे जहाज. किनारा दिसेनासा झाला की पुढचं बंदर येईपर्यंत जहाज जगाच्या लेखी गायब असायचं. बुडलं तरी कळायला आठवडे लागायचे.

पहिली जाहिरात मात्र शिडाच्या होड्यांनी केली. जुलै १८९८, डब्लिनजवळच्या किंग्जटाऊनची शर्यत. शिडाच्या होड्या समुद्रात लांब जात, किनाऱ्यावरच्या लोकांना काही दिसत नसे. मार्कोनीने फ्लाइंग हंट्रेस नावाच्या टगबोटीच्या डोलकाठीवर अँटेना चढवली आणि होड्यांच्या मागे मागे फिरत शर्यतीची खबर किनाऱ्यावर पाठवली. तिथून टेलिफोनने ती डब्लिनच्या वर्तमानपत्रात. तीन दिवसांत सातशेच्या वर संदेश गेले. होड्या परतायच्या आधी निकाल छापून तयार. आजच्या भाषेत सांगायचं तर क्रिकेटचा लाइव्ह स्कोअर.

पुढच्याच महिन्यात राजघराण्याचं बोलावणं आलं. युवराज एडवर्ड गुडघा दुखावून राजेशाही यॉटवर पडून होता आणि राणी व्हिक्टोरिया किनाऱ्यावरच्या वाड्यात. मायलेकरांमध्ये सोळा दिवसांत सुमारे दीडशे संदेशांची देवाणघेवाण झाली. तब्येत कशी आहे, जेवणाला कोण येतंय, असेच बरेचसे.

त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये मार्कोनीने यंत्र एका अगदी साध्या जहाजावर बसवलं. इंग्लंडच्या आग्नेय टोकाला गुडविन सँड्स नावाचा वाळूचा धोकादायक पट्टा आहे. तिथे दीपगृह बांधता येत नाही, म्हणून नांगर टाकून एक दिव्याचं जहाज कायमचं उभं केलेलं असे. त्या जहाजाला ना इंजिन, ना डायनामो. वायरलेस चालणार ते बॅटरीवर. किनारा साधारण १९ किलोमीटर. बॅटऱ्या न्यायच्या, बदलायच्या, समुद्राच्या खाऱ्या दमट हवेपासून जोडण्या जपायच्या, आणि खलाशांना हे सगळं शिकवायचं. एप्रिल १८९९ मध्ये दाट धुक्यात एक आगबोट येऊन या दिव्याच्या जहाजालाच धडकली. जहाजावरून संदेश गेला, किनाऱ्यावरून मदत निघाली. आधी हा संदेश द्यायला तोफा उडवत, आणि वाऱ्याची दिशा उलटी असली तर त्या कुणाला ऐकूही जात नसत.

इथून धंदा सुसाट सुटला. कंपनी जहाजांना यंत्र विकत नसे, भाड्याने देई. यंत्रावर बसणारा पोरगाही कंपनीचाच, जहाजाच्या कप्तानाचा नव्हे. जोडणी साधारण अशी असे. जहाजाच्या इंजिनखोलीत दिव्यांसाठी डायनामो असायचाच. त्यातून एक जाड तार वर वायरलेसच्या खोलीत यायची. त्या विजेवर बॅटऱ्या चार्ज होत आणि बॅटऱ्यांवर इंडक्शन कॉइल चालून ठिणगी पडे. घरातल्या इन्व्हर्टरची जी रचना, तीच.

पण जहाजावर बसेल एवढ्या विजेत मार्कोनीचं समाधान होत नव्हतं. त्याला अटलांटिक पार करायचा होता. इंग्लंडच्या पोल्डू गावी त्याने जे केंद्र उभं केलं तिथे माळ्यावरच्या बॅटरीचं काम नव्हतं. प्राध्यापक ॲम्ब्रोज फ्लेमिंग यांनी तेलाच्या इंजिनावर फिरणारा २५ किलोवॅटचा जनित्रसंच आखला. म्हणजे एक छोटं वीजकेंद्रच. सप्टेंबर १९०१ च्या वादळात तिथले उंच खांब कोसळले. मार्कोनीने काम थांबवलं नाही, कमी खांबांवर अँटेना ताणली आणि स्वतः न्यूफाउंडलंडला गेला. १२ डिसेंबर १९०१ रोजी वादळी वाऱ्यात पतंगाला तार बांधून तो कानाला फोन लावून बसला. तीन टिंबं, म्हणजे मोर्समधलं एस हे अक्षर, ऐकू आल्याचं त्याने जाहीर केलं. अंतर सुमारे ३४०० किलोमीटर.

खरंच ऐकू आलं का, यावर आजही वाद आहे. दुपारच्या वेळी, त्या लांबीच्या लहरी, एवढ्या लांब? पुरावा म्हणून दोन माणसांचे कान, दुसरं काही नाही. त्याच दिवसाबद्दल आपल्याकडे आणखी एक मुद्दा निघतो आणि तो रास्त आहे. मार्कोनीने तिथे पाऱ्याचा वापर असलेला जो ग्राहक वापरला, तो त्याला इटालियन नौदलातला मित्र लुइजी सोलारी याने दिला होता. तशा प्रकारच्या ग्राहकाचं वर्णन जगदीशचंद्र बोस यांनी १८९९ मध्येच लंडनच्या रॉयल सोसायटीत प्रसिद्ध केलं होतं. मार्कोनीने बोस यांचं श्रेय त्या वेळी दिलं नाही. पेटंटच्या बाबतीत हा माणूस कडक होता, स्वतःच्याही आणि दुसऱ्यांच्याही. पण दुसऱ्यांच्या पेटंटचा आदर करण्यापेक्षा आपलं जपण्यात जास्त.

हा कडकपणा धंद्यातही होता. मार्कोनीच्या माणसांनी दुसऱ्या कंपनीच्या यंत्रांशी बोलायचं नाही, असा दंडक होता. जर्मन कंपनीचं यंत्र बसवलेलं जहाज शेजारून गेलं तरी त्याच्या संदेशाला उत्तर नाही. एका कंपनीच्या सिमवरून दुसऱ्या कंपनीच्या सिमवर फोनच लागू नये, असा हा प्रकार. १९०२ मध्ये जर्मन सम्राटाचा भाऊ प्रिन्स हेनरिक अमेरिकेहून परतत असताना त्याच्या जहाजाला मार्कोनी केंद्रांनी दाद दिली नाही आणि जर्मनी भडकली. बर्लिनला आधी १९०३ मध्ये बैठक, मग १९०६ मध्ये आंतरराष्ट्रीय करार. यंत्र कुणाचंही असो, समुद्रावर सगळ्यांनी सगळ्यांशी बोलायचं, असं ठरलं. मार्कोनीच्या कंपनीने त्याला शेवटपर्यंत विरोध केला होता.

आणि मग जानेवारी १९०९. अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ धुक्यात रिपब्लिक नावाच्या प्रवासी जहाजाला फ्लोरिडा हे जहाज धडकलं. रिपब्लिकच्या इंजिनखोलीत पाणी भरलं, डायनामो बंद पडला, जहाज काळोखात गेलं. वायरलेसच्या खोलीच्या भिंतीही तुटलेल्या. आत जॅक बिन्स नावाचा तरुण ऑपरेटर होता. मोठी वीज गेली तरी त्याच्याकडे बॅटऱ्या होत्या. मोडकी की एका हाताने धरून दुसऱ्या हाताने तो तासन् तास संदेश पाठवत राहिला. किनाऱ्यावरच्या केंद्राने तो पकडला, बाल्टिक नावाचं जहाज शोधत आलं. दोन्ही जहाजांवरचे मिळून दीड हजारांच्या आसपास लोक वाचले. धडकेत गेलेले जीव हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. जग मार्कोनीचं नाव घेऊ लागलं आणि त्याच वर्षी त्याला कार्ल ब्राउन यांच्यासोबत भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. या सगळ्यात त्या खोलीतल्या बॅटऱ्यांचं कौतुक फारसं कुणी केलं नाही.

तीन वर्षांनी टायटॅनिक.

टायटॅनिकवर त्या काळातलं अव्वल यंत्र होतं, सुमारे ५ किलोवॅटचं. जहाजाच्या डायनामोची वीज मोटर-जनित्रातून फिरवून, ट्रान्सफॉर्मरने दाब हजारो व्होल्टवर नेऊन ठिणगी पाडली जाई. शिवाय बॅटरीवर चालणारा एक लहान बॅकअप संच. १३ एप्रिल १९१२ च्या रात्री, म्हणजे हिमनगाच्या आदल्या रात्री, मुख्य यंत्र बंद पडलं. जॅक फिलिप्स आणि हॅरल्ड ब्राइड या दोघा ऑपरेटरांनी रात्रभर खपून बिघाड शोधला. ट्रान्सफॉर्मरच्या वायरींमध्ये शॉर्ट झालेला होता. बॅकअप संचावर भागवून नेता आलं असतं, पण त्यांनी मुख्य यंत्र पहाटेपर्यंत दुरुस्त केलं. ते तसंच राहिलं असतं तर पुढच्या रात्रीची हाक किती लांब पोचली असती कोण जाणे.

दुरुस्तीचा दुसरा परिणाम असा की प्रवाशांच्या खासगी तारांचा ढीग साचला. १४ तारखेच्या रात्री फिलिप्स तो उपसत होता. जवळच बर्फात थांबलेल्या कॅलिफोर्नियन जहाजाच्या ऑपरेटरने बर्फाची सूचना द्यायचा प्रयत्न केला, तेव्हा फिलिप्सने त्याला मध्ये न येण्याबद्दल झापलं. तो ऑपरेटर एकटाच होता, दिवसभर बसून दमलेला. त्याने यंत्र बंद केलं आणि झोपला. थोड्याच वेळात, ११ वाजून ४० मिनिटांनी, टायटॅनिक हिमनगावर घासलं.

आता यातला एक बारकावा ऐकण्यासारखा आहे. मध्यरात्रीनंतर कॅलिफोर्नियनचा एक अधिकारी, ग्रोव्ह्ज, त्या खोलीत गेला. त्याला वायरलेसची हौस होती. त्याने फोन कानाला लावले, पण काही ऐकू आलं नाही. कारण मार्कोनीचा तो ग्राहक घड्याळासारखा चावीवर चालायचा, आणि चावी उतरली होती. चावी द्यायची असते हे त्याला माहीत नव्हतं. काही किलोमीटरवर टायटॅनिक हाका मारत होतं.

हाक ऐकली कार्पेथियाने, सुमारे १०० किलोमीटरवरून. तिथला ऑपरेटर हॅरल्ड कॉटम झोपायच्या तयारीत होता, फोन अजून कानावर होते एवढंच. इकडे टायटॅनिकच्या पोटात इंजिनियर लोक बॉयलरची वाफ टिकवून डायनामो चालवत राहिले, म्हणून दिवेही शेवटच्या काही मिनिटांपर्यंत लागलेले होते आणि वायरलेसही चालू होतं. वीज कमी होत गेली तसा संदेश क्षीण होत गेला आणि दोन वाजून गेल्यावर तो तुटला. त्या इंजिनियरांपैकी एकही वाचला नाही. फिलिप्सही गेला. दीड हजारांहून जास्त माणसं मेली, सातशेच्या आसपास वाचली.

मार्कोनी तेव्हा न्यूयॉर्कमध्ये होता. टायटॅनिकने येण्याचं आमंत्रण त्यालाही होतं, पण तो आधीच दुसऱ्या जहाजाने गेला होता. कार्पेथिया बंदराला लागलं तेव्हा तो स्वतः जहाजावर चढून ब्राइडला भेटला. वाचलेल्या लोकांनी त्याचे आभार मानले. पण अमेरिकी सिनेटच्या चौकशीत त्याला अवघड प्रश्नही आले. कारण कार्पेथिया समुद्रात असतानाच कंपनीकडून ऑपरेटरांना निरोप गेले होते की तोंड बंद ठेवा, तुमची कहाणी चांगल्या पैशाला विकली जाणार आहे. ती न्यूयॉर्क टाइम्सला विकलीही गेली. बाहेर लोक आपल्या माणसांची नावं कळावीत म्हणून रडत होते. मार्कोनीने आपला हेतू वाईट नव्हता असं सांगितलं, पण डाग पडला तो पडला.

त्यानंतर कायदे बदलले, आणि त्यात मार्कोनीच्या जुन्या दुखण्याला कायद्याचं रूप आलं. अमेरिकेने जुलै १९१२ मध्येच नियम केला की प्रवासी जहाजाच्या वायरलेसला मुख्य वीजयंत्रणेपासून पूर्ण वेगळी अशी दुसरी वीज हवी, आणि तिच्यावर किमान चार तास, किमान १०० मैलांपर्यंत संदेश गेला पाहिजे. मोठ्या जहाजांवर चोवीस तास कुणीतरी ऐकायला बसलं पाहिजे. १९१४ च्या लंडन करारात आपत्कालीन यंत्र जहाजाच्या वरच्या भागात ठेवायचं ठरलं. कारण साधं आहे. पाणी खालून भरतं.

मार्कोनीसाठी तो काळ एकूणच वाईट होता. १९१२ च्या सप्टेंबरमध्ये इटलीत मोटार अपघातात त्याचा उजवा डोळा गेला. ब्रिटनमध्ये मंत्र्यांनी मार्कोनी कंपनीचे शेअर घेतल्याचं प्रकरण गाजलं. मग महायुद्ध. घरातही सगळं आलबेल नव्हतं. बायको बिआट्रिस मुलांना घेऊन एकटी, आणि हा कायम कुठल्या तरी जहाजावर किंवा किनाऱ्यावरच्या केंद्रात. पुढे १९२४ मध्ये ते वेगळे झाले.

१९१९ साली त्याने आयुष्यातली सगळ्यात लाडकी वस्तू विकत घेतली, ती म्हणजे बोट. सुमारे ६७ मीटर लांबीची वाफेवर चालणारी यॉट, डौलदार, दोन डोलकाठ्यांची. ऑस्ट्रियाच्या राजघराण्यासाठी बांधलेली, युद्धात ब्रिटिश नौदलाने वापरलेली. तिचं नाव त्याने ठेवलं एलेत्रा. पुढे दुसऱ्या लग्नातून १९३० मध्ये मुलगी झाली तिचंही नाव एलेत्राच. लग्न, मुलं, मित्र, धंदा, सगळ्यांपेक्षा जास्त वेळ त्याने या बोटीत काढला असावा. ही तरंगती प्रयोगशाळा होती. आणि बोटीवरची वीज मोजकी असते, ही अडचण इथे त्याच्या कामाला आली.

कारण तोपर्यंत सगळ्या जगाची समजूत होती की जास्त लांब बोलायचं तर लहर लांब हवी आणि वीज अफाट हवी. शेकडो किलोवॅटची केंद्रं, मैलभर पसरलेल्या अँटेना. ब्रिटिश साम्राज्याला जोडणारी साखळी अशाच केंद्रांची बांधायची चालली होती. १९२३ मध्ये मार्कोनी एलेत्रा घेऊन आफ्रिकेजवळच्या केप व्हर्दे बेटांपर्यंत गेला. पोल्डूला त्याचा इंजिनियर चार्ल्स फ्रँकलिन आखूड लहरींवर संदेश सोडत होता. पोल्डूची वीज कमी करत करत एक किलोवॅटवर आणली, तरी बोटीवर संदेश खणखणीत येत होता. ज्या कंपनीने अफाट विजेच्या केंद्रांवर पैसा लावला होता, तिचाच मालक आता सांगू लागला की ते सगळं विसरा. टॉर्चच्या झोतासारखी लहर एका दिशेला सोडा, थोड्या विजेत काम होईल. १९२४ मध्ये ब्रिटिश सरकारने करार केला. इंग्लंडमधलं ग्रिम्सबी आणि स्केगनेस, इकडचं खडकी आणि दौंड ही त्याचीच जोडी. वर्ध्याच्या तारा ज्या हवेतल्या रस्त्याने जाऊ शकत होत्या, तो रस्ता या बोटीवरच्या मोजमापातून निघाला.

२६ मार्च १९३० रोजी त्याने जेनोआ बंदरात उभ्या एलेत्रावरून बटण दाबलं आणि ऑस्ट्रेलियात सिडनीच्या टाउन हॉलचे हजारो दिवे लागले. वाचून वाटतं की वीजच हवेतून गेली. तसं नव्हतं. गेला तो फक्त इशारा, त्याने सिडनीतला स्विच ओढला, आणि दिवे जळले सिडनीच्या विजेवर.

बोटीवरचा सगळ्यात दूरदर्शी प्रयोग १९३४ च्या जुलैचा. इटलीच्या सेस्त्री लेवान्ते बंदराजवळ टेकडीवर त्याने अतिशय आखूड लहरींचा दीप बसवला. एलेत्राच्या चालकाच्या खोलीच्या खिडक्यांना पडदे लावले, बाहेरचं काही दिसू नये म्हणून. फक्त यंत्रावरचा काटा बघत बोट दोन बोयांच्या मधून अचूक आत आणली. धुक्यात धडकलेलं रिपब्लिक आठवलं की या प्रयोगाचं मोल कळतं.

आज साध्या शिडाच्या बोटीवर हे सगळं असतं. जीपीएस, रडार, खोली मोजणारं यंत्र, वाऱ्याचं यंत्र, आपोआप सुकाणू धरणारा पायलट, आणि ही सगळी एकमेकांशी बोलतात. कंपनी वेगळी असली तरी बोलतात, कारण एनएमईए २००० नावाची सामायिक भाषा ठरलेली आहे. मार्कोनीच्या कंपनीला जे नको होतं, तेच. बोटभर एक मुख्य केबल फिरते, दोन्ही टोकांना १२० ओमचे रोध, मध्ये प्रत्येक यंत्रासाठी फाटा. त्याच केबलमधून १२ व्होल्टची वीज जाते आणि ती फ्यूजमधून एकाच ठिकाणी आत सोडायची असते. रडार आणि पायलटची मोटर जास्त वीज खातात, त्यांना बॅटरीपासून स्वतंत्र जाड वायर. इंजिन सुरू करायची बॅटरीही वेगळी, नाहीतर स्टार्टर मारताना व्होल्टेज पडतं आणि सगळे पडदे एकदम बंद होऊन पुन्हा चालू होतात, नेमकं बंदराच्या तोंडाशी.

एवढं करूनही खारं पाणी आपलं काम करतंच. मुंबईत कुलाब्याला सागवानात बांधलेली सुहेली ही बोट घेऊन रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८-६९ मध्ये न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. वाटेत त्यांचा रेडिओ बंद पडला आणि चारेक महिने ते जिवंत आहेत की नाहीत हे जगाला माहीत नव्हतं. त्याच सुहेलीच्या नमुन्यावर गोव्यात बांधलेल्या थुरियावर भारतीय नौदलाचे अभिलाष टॉमी २०१८ मध्ये हिंदी महासागराच्या दक्षिणेला वादळात सापडले. डोलकाठी मोडली, पाठीला जबर मार, मुख्य सॅटेलाइट फोन निकामी. स्वतःची बॅटरी असलेल्या एका छोट्या यंत्रावरून ते मजकूर पाठवत राहिले आणि तीन दिवसांनी त्यांची सुटका झाली. बोटीची वीज आणि हाक मारायची वीज वेगळी ठेवा, हा १९१२ चाच धडा.

मार्कोनीच्या शेवटच्या वर्षांवर मात्र काळी सावली आहे. १९२३ मध्ये तो मुसोलिनीच्या फॅसिस्ट पक्षात गेला. मुसोलिनीने त्याला इटलीच्या रॉयल अकादमीचा अध्यक्ष केलं. इथिओपियावरच्या हल्ल्याचं त्याने जाहीर समर्थन केलं. त्याच्या अध्यक्षपदाच्या काळात अकादमीसाठी सुचवलेल्या ज्यू विद्वानांच्या नावांपुढे खुणा केल्या जात आणि त्यांना बाहेर ठेवलं जाई, हे इटलीच्या अभ्यासकांनी पुढे कागदपत्रांतून दाखवलं. जो माणूस सगळ्या जगाला जोडायला निघाला होता त्याच्याबद्दल हे वाचायला बरं वाटत नाही, पण ते आहे.

२० जुलै १९३७ रोजी रोममध्ये हृदयविकाराने तो गेला. वय ६३. दुसऱ्या दिवशी जगभरच्या रेडिओ केंद्रांनी दोन मिनिटं प्रक्षेपण थांबवलं. १९४३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या एका महत्त्वाच्या पेटंटमधले दावे रद्द केले, कारण ऑलिव्हर लॉज, टेस्ला आणि जॉन स्टोन यांचं काम आधीचं होतं. यावरून रेडिओ टेस्लाचा की मार्कोनीचा अशी भांडणं सोशल मीडियावर अजून चालतात. निकाल मात्र रेडिओ कुणी शोधला यावर नव्हता, यंत्र विशिष्ट लहरीवर जुळवायच्या पद्धतीवर होता.

एलेत्राचं पुढे काय झालं? दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी ती ताब्यात घेतली, आतली यंत्रं उतरवून तिच्यावर तोफा चढवल्या. जानेवारी १९४४ मध्ये ॲड्रिएटिक समुद्राच्या किनाऱ्यावर, आजच्या क्रोएशियातल्या झादरजवळ, विमानांच्या हल्ल्यात ती जायबंदी झाली आणि उथळ पाण्यात पडून राहिली. युद्धानंतर युगोस्लाव्हियाने सांगाडा इटलीला परत केला. डागडुजी करायची म्हणून तो बरीच वर्षं गोदीत पडून होता. शेवटी १९७७ मध्ये तो कापण्यात आला आणि तुकडे ठिकठिकाणी वाटले गेले. त्यातला एक तुकडा बोलोन्याजवळ, ज्या घराच्या माळ्यावर बॅटरी आणि कॉइल जोडून सुरुवात झाली होती त्या घराच्या आवारात, मार्कोनीच्या समाधीपाशी ठेवलेला आहे.